क्रेडिटराव

कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही कम्युनिटी कॉलेजचं माहितीपुस्तक उघडा. अभ्यासक्रमाचं नाव ठळक अक्षरात, खाली चार ओळींचं वर्णन, आणि उजव्या कडेला समासाला पाठ टेकून बसलेला एक आकडा. बहुधा ३, कधी ५, क्वचित ०.५. हेच क्रेडिटराव. कॅलिफोर्नियात त्यांना ‘युनिट’ म्हणतात, बाकी अमेरिकेत ‘क्रेडिट अवर’. गृहस्थ तेच.

बोलणं त्यांचं जवळपास नाहीच. शेजारच्या वर्णनात विद्यार्थ्याला काय काय येऊ लागेल याची आश्वासनं असतात, त्यांत ते पडत नाहीत. पण फी किती, सरकारी मदत मिळणार की नाही, सर्टिफिकेट हातात कधी पडणार, शिकवणाऱ्याला किती द्यायचं आणि राज्याने कॉलेजला किती द्यायचं, यातलं काहीही त्यांना विचारल्याशिवाय ठरत नाही. एकत्र कुटुंबात कमीत कमी बोलणाऱ्या काकांच्या कनवटीला तिजोरीच्या किल्ल्या असाव्यात, तसं. व्यवसाय शिक्षणाच्या, म्हणजे तिथल्या बोलीत ‘सीटीई’च्या, बैठकांना जाऊन बघा. पर्किन्सचा निधी, ॲडव्हायझरी कमिटी, स्टॅकेबल सर्टिफिकेट, ड्युअल एन्रोलमेंट ही मंडळी दर दोन वाक्यांनी हजेरी लावतात. क्रेडिटरावांचं नाव निघतं ते बैठक संपता संपता. तेवढ्यात निर्णय झालेला असतो.

त्यांचा जन्म शिक्षणाच्या घरात झालेला नाही, पेन्शनच्या कचेरीत झाला आहे. पोलादाचे धनी अँड्र्यू कार्नेगी हे कॉर्नेल विद्यापीठाचे विश्वस्त होते, आणि तिथल्या प्राध्यापकांचे तुटपुंजे पगार बघून त्यांना आश्चर्य वाटलं होतं. १९०५ साली त्यांनी प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर काढून दिले. पुढच्या वर्षी कार्नेगी फाउंडेशन रीतसर उभं राहिलं आणि एमआयटीचे अध्यक्ष राहिलेले हेन्री प्रिचेट त्याचे प्रमुख झाले. पैसे होते, माणसं होती. अडलं एवढंच की कॉलेज म्हणायचं कुणाला? त्या काळच्या अमेरिकेत हायस्कूलच्या तोडीची संस्थाही दारावर कॉलेजची पाटी लावत असे. मग अटी आल्या. किमान सहा पूर्णवेळ प्राध्यापक हवेत, चार वर्षांचा अभ्यासक्रम हवा, आणि प्रवेश घेणाऱ्याने हायस्कूलची चौदा युनिटं पुरी केलेली हवीत. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले १२० तास. पेन्शन कुणाला नको? कॉलेजांनी अटी मुकाट्याने मान्य केल्या, आणि कॉलेजांना मुलं पुरवणाऱ्या हायस्कूलांनीही.

१९१० साली फाउंडेशनने मॉरिस कुक नावाच्या इंजिनिअरकडून एक अहवाल करून घेतला. कुक हे कारखान्यांत घड्याळ लावून काम मोजणाऱ्या फ्रेडरिक टेलरच्या पठडीतले. त्यांनी कॉलेजातली कामंही विद्यार्थी-तासात मोजावीत असं सुचवलं. म्हणजे क्रेडिटरावांचे संस्कार झाले ते कारखान्याच्या हिशेबाचे, आणि आयुष्यभर त्यांनी मान दिला तो मात्र कारखान्याबाहेरच्या कामाला. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज, अमेरिकेतलं आजवर अखंड चालू असलेलं सर्वांत जुनं सार्वजनिक दोन वर्षांचं कॉलेज, १९०१चं. वयाने ते क्रेडिटरावांहून वडील. पण घरात चालतं ते क्रेडिटरावांचंच.

आता त्यांचा स्वभाव. तो कळायला वर्कशॉपमध्येच जायला हवं.

हिशेब असा आहे. सोळा-अठरा आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला एक तास लेक्चरला बसलात की एक युनिट. कारण त्या एका तासामागे तुम्ही घरी दोन तास अभ्यास करता, असं क्रेडिटराव धरून चालतात. लॅबमध्ये, म्हणजे वेल्डिंगच्या बूथमध्ये किंवा गाडीच्या इंजिनखाली, दर आठवड्याला तीन तास काढलेत की एक युनिट. इथे घरचा अभ्यास शून्य धरलेला. दोन्हीकडे बेरीज तीन तास, सत्राचे किमान अठ्ठेचाळीस. कागदावर न्याय अगदी चोख.

फक्त घरच्या त्या दोन तासांची हजेरी कुणी घेत नाही. ते तास क्रेडिटराव विश्वासावर देऊन टाकतात. इतिहासाचा विद्यार्थी घरी पुस्तक उघडून बसला असेल किंवा क्रिकेट बघत असेल, त्याची चौकशी ते करत नाहीत. लॅबवाल्याला मात्र तिन्ही तास मास्तरांच्या डोळ्यांदेखत, उभ्याने, घाम गाळून द्यावे लागतात. बूथ घरी नेता येत नाही हे खरं. पण ड्रॉइंगवरच्या वेल्डिंगच्या खुणा पाठ करायच्या असतात, कुठल्या जाडीला किती करंट ते डोक्यात बसवायचं असतं, आणि ते पोरगं बसमध्ये मोबाइलवर करतं. ते क्रेडिटरावांच्या वहीत येत नाही.

वेल्डिंगचा एक साधा कोर्स घ्या: आठवड्याला तीन तास लेक्चर आणि सहा तास लॅब. एकूण नऊ तास, युनिटं पाच. तेच नऊ तास लेक्चरचे असते तर युनिटं नऊ झाली असती. असे दोन कोर्स घेतलेला मुलगा आठवड्याला अठरा तास कॉलेजात असतो आणि त्याच्या खात्यावर दहा युनिटं असतात. सरकारी मदतीसाठी पूर्णवेळ विद्यार्थी म्हणवून घ्यायला बारा लागतात. अठरा तास कॉलेजात, शिवाय दिवसा टायरच्या दुकानात किंवा गोदामात नोकरी, आणि तरी हा मुलगा अर्धवेळ. लिबरल आर्ट्‌सचा मुलगा बारा तास येतो आणि पूर्णवेळ ठरतो. यात कुणी लबाडी केलेली नाही. क्रेडिटराव लबाड नाहीतच. बसलेला माणूस शिकतो आणि उभा असलेला काम करतो, अशी त्यांची मनापासून समजूत आहे.

माझ्या ओळखीचे एक वेल्डिंगचे मास्तर आहेत. त्यांच्या वर्कशॉपमध्ये संध्याकाळच्या बॅचला जाऊन बसावं. मागच्या भिंतीशी बूथांची रांग, प्रत्येकाला गडद प्लास्टिकचा पडदा, पडद्यामागे निळा उजेड लपलपत असतो. मान झटकून हूड खाली घ्यायची, रॉड टेकवायचा, पेटवायचा. रॉड बहुधा ७०१८ नंबरचा. त्याला दमटपणा सोसत नाही, म्हणून तो तापत्या पेटीत ठेवतात. बीड, म्हणजे जोडाची ओळ, ओढून झाली की ठोक्याने मळी उडवायची, वायर ब्रश मारायचा आणि मग खरं काय झालंय ते दिसतं. मळीखालून कधी माशाच्या खवल्यांसारखी सरळ ओळ निघते, कधी भोकांची रांगोळी. भोकं निघाली की मास्तर बोलत नाहीत, नुसते ग्राइंडरकडे बोट दाखवतात.

परीक्षेच्या दिवशी जोडलेल्या प्लेटमधून पट्ट्या कापतात. त्या घासून गुळगुळीत करतात आणि वाकवायच्या साच्यात घालून दाबतात. जोड बरोबर मध्यावर ठेवून पट्टी इंग्रजी यू अक्षरासारखी होईपर्यंत. मग फुगलेल्या बाजूवर टॉर्च धरून बघायचं. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या इमारती पोलादाच्या नियमात तीन मिलिमीटरपेक्षा मोठी एकही फट चालत नाही. तशी फट दिसली, नापास. नाही दिसली, पास. ती पट्टी विद्यार्थ्याने किती तास दिले हे विचारत नाही, पाच युनिटवाला आहे की दहा युनिटवाला हेही नाही. त्या खोलीत क्रेडिटराव असून नसल्यासारखे असतात. अशी एवढी एकच जागा त्यांच्या राज्यात मी पाहिली.

आणि मास्तरांचं काय? अनेक कॉलेजांत शिकवणाऱ्याचा लॅबमधला तास लेक्चरच्या तासापेक्षा हलका धरतात. काही ठिकाणी पाऊण. गणिताच्या प्राध्यापकांना पंधरा तासांत पूर्ण काम, वेल्डिंगच्या मास्तरांना तेवढ्याच पगारासाठी वीस. वर गॅसची सिलिंडरं मागवायची, पोलाद कापून ठेवायचं, पंखा बंद पडला तर दुरुस्तीवाल्याच्या मागे लागायचं, आणि वीस पोरांपैकी कुणाचा हात भाजणार नाही हे बघायचं. कारखान्यात यापेक्षा दीडपट मिळवणारा माणूस हे का करतो, हे मला नीटसं उमगलेलं नाही. कॉलेजांना वेल्डिंगचे मास्तर मिळत नाहीत म्हणून जी ओरड होते, तिच्या मुळाशी क्रेडिटरावांचा हा पाऊण तास किती आहे, हे मात्र कुणी बैठकीत काढत नाही.

क्रेडिटरावांना एक धाकटा भाऊ आहे, नॉनक्रेडिट. घराण्यात त्याचं नाव जरा हळू आवाजात घेतात. तो गावातल्या गरिबांचा, नव्याने आलेल्यांचा. इंग्रजी बोलायला शिकवणं, कॉम्प्युटर सुरू कसा करायचा ते दाखवणं, रुग्णसेवेचा किंवा बांधकामाचा छोटा कोर्स. कॅलिफोर्नियात क्रेडिटराव युनिटमागे ४६ डॉलर घेतात, धाकटा फुकट. नापास झालात तर पुन्हा या, त्याला त्याचं काही नाही. मला तोच आवडतो.

पण दोघांना वागणूक कशी मिळते बघा. राज्य कॉलेजला पैसे देतं ते मुख्यतः विद्यार्थ्यांच्या तासांवर. असे ५२५ तास म्हणजे एक पूर्णवेळ विद्यार्थी. आता थोरल्यांच्या नेहमीच्या वर्गांत मोजणी एकाच दिवशी होते, सत्राचा साधारण पाचवा हिस्सा उलटल्यावर. तिला सेन्सस म्हणतात. त्या दिवशी जितकी नावं पटावर, तितके तास सत्रभराचे धरले जातात. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग उठून गेला तरी हिशेब तोच. धाकट्याच्या वर्गात मात्र सहसा रोज सही. जितके तास माणूस प्रत्यक्ष बसला तितकेच मोजायचे. मुलाला ताप आला म्हणून आई आली नाही, तर तेवढे तास गेले. थोरल्यांवर सरकारचा भरवसा आहे, धाकट्याची रोज झडती. आणि तासामागे धाकट्याला वर्षानुवर्षं थोरल्यांपेक्षा कमी पैसे मिळत. २०१५-१६पासून त्याच्या नोकरीकडे नेणाऱ्या काही कोर्सना थोरल्यांच्या बरोबरीने पैसे मिळू लागले, पण सगळ्यांना नाही.

आत्येभाऊही आहे एक, क्लॉक अवर. तो सलूनमध्ये आणि विमानतळाच्या हँगरमध्ये भेटतो. हा युनिट वगैरे जाणत नाही, घड्याळ जाणतो. कॅलिफोर्नियात केस कापायचा नि रंगवायचा परवाना हवा तर १,६०० तास लागत. २०२२पासून ते १,००० झाले. विमान दुरुस्तीच्या शाळांना अमेरिकी विमान खात्याने १,९०० तासांचा अभ्यासक्रम नेमून दिलेला होता: सर्वसाधारण ४००, सांगाड्याचे ७५०, इंजिनाचे ७५०. तास बुडाला की भरून काढायचा. २०२२ साली खात्याने ही तासांची अट काढून टाकली आणि काय यायला हवं ते लिहून दिलं. म्हणजे आत्येभावाच्या घरात सुधारणा आधी झाली. क्रेडिटराव अजून माडीवरच.

त्यांचा प्रवास हा वेगळा विषय. गावात त्यांचा केवढा दबदबा, पण वेस ओलांडली की ओळख पटवता पटवता नाकीनऊ. एका कॉलेजचे तीन क्रेडिट दुसऱ्या कॉलेजात तीनच राहतील याची खात्री नाही. अमेरिकी संसदेच्या लेखा कार्यालयाने २०१७ साली हिशेब काढला, तेव्हा २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांचे अंदाजे ४३ टक्के क्रेडिट वाटेत गेले असं निघालं. व्यवसाय शिक्षणाचे क्रेडिट तर विद्यापीठाच्या दारात हमखास अडतात. इंग्रजी निबंधाचे तीन आत जातात, डिझेल इंजिनाचे पाच बाहेरच्या बाकावर बसून राहतात.

राज्याबाहेर जायलाच हवं असंही नाही. सिलिकॉन व्हॅलीत सनीव्हेल, क्युपर्टिनोच्या बाजूला मराठी घरं पुष्कळ आहेत. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आणि पुढे कामाची परवानगी मिळालेल्या बायका तिथे बालशिक्षणाचे कोर्स करतात. कॅलिफोर्नियाच्या नियमाप्रमाणे पाळणाघराच्या केंद्रात शिक्षिका व्हायला १२ सेमिस्टर युनिटं लागतात. सहा झाली की कामावर घेता येतं, बाकीची काम करता करता पुरी करायची. मात्र त्याच भागातली डी अँझा आणि फुटहिल ही कॉलेजं सेमिस्टरवर नाही, क्वार्टरवर चालतात. दीड क्वार्टर युनिट म्हणजे एक सेमिस्टर युनिट. म्हणजे बारासाठी अठरा.

आमच्या एक वहिनी नाशिकला कित्येक वर्षं बालवाडी चालवून आलेल्या. इथे त्यांनी क्वार्टरवाल्या एका कॉलेजात चार युनिटांचा कोर्स केला, ए ग्रेड मिळवली, आणि दुसरीकडे नोकरीचा अर्ज भरताना कळलं की चार भागिले दीड म्हणजे २.६७. तिथे हवी होती तीन.

“अहो, मुलं तीच, रडतात तशीच, पुस्तकसुद्धा तेच. मग हा तेहतीस पैशांचा तुकडा पडला कुठे?” वहिनींनी विचारलं.

त्यांना कुणी उत्तर देऊ शकलं नाही. त्यांनी आणखी एक कोर्स घेतला. नाशिकच्या त्या सगळ्या वर्षांचं क्रेडिटरावांकडे खातंच नव्हतं.

एकदम निष्ठुर मात्र म्हणता येणार नाही त्यांना. दुसऱ्या महायुद्धापासून अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही संस्था सैन्यातलं प्रशिक्षण तपासून त्याचे किती क्रेडिट व्हावेत हे सुचवत आली आहे. वाळवंटात ट्रक दुरुस्त करून आलेला जवान ऑटोमोटिव्हच्या पहिल्या कोर्सला पुन्हा स्पॅनर ओळखत बसत नाही. कॉलेजबाहेर शिकलेल्याला क्रेडिट देण्याची ही पद्धत आता साध्या कामगारांपर्यंत पोचू लागली आहे, कूर्मगतीने. आणि गरिबाच्या मुलाला मिळणारं पेल अनुदान, २०२५-२६ला वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, ते त्यांच्याच सहीने सुटतं. लहान कोर्सना ते मिळत नसे. साधारण पंधरा आठवडे आणि ६०० तासांच्या आतल्याला दार बंद. २०२५च्या कायद्याने आठ आठवडे, १५० तासांपासूनचे नोकरीचे कोर्सही पेलमध्ये घेतले; लागू व्हायची तारीख १ जुलै २०२६. अट अशी की सत्तर टक्के मुलांनी कोर्स पुरा करावा, सत्तर टक्क्यांना नोकरी लागावी, आणि तो कोर्स पुढच्या मोठ्या अभ्यासक्रमात क्रेडिट म्हणून धरला जावा. म्हणजे छोट्या कोर्सला पैसे हवे असतील तर पुन्हा क्रेडिटरावांच्याच ओसरीवर.

गंमत म्हणजे, ज्यांनी त्यांना जन्माला घातलं तेच आता त्यांना निवृत्त करू बघतात. कार्नेगी फाउंडेशनने २०१५ साली बराच विचार करून, दुसरं काही धड सापडत नाही म्हणून, त्यांना कायम ठेवलं. २०२३ साली तेच फाउंडेशन परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या जोडीने, तासांऐवजी कौशल्य मोजायच्या मागे लागलं. जगाच्या पेन्शनीपायी जन्मलेल्या माणसाला स्वतःची पेन्शन काही सुटत नाही.

आपल्याकडे ते येऊन राहिले आहेतच. २०२१ साली ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ निघाली, आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या कॉलेजांत पोरांच्या तोंडी मार्कांबरोबर क्रेडिटही आले. विद्यापीठाच्या दालनात त्यांनी जुनी सवय सोडलेली नाही: एक तास लेक्चर किंवा दोन तास प्रॅक्टिकल म्हणजे एक क्रेडिट. तिनाचे दोन झाले, एवढीच सूट. पण २०२३च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात त्यांनी निराळंच लिहून दिलंय. शिकण्याचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट, वर्षाचे १,२०० तास म्हणजे ४०, मग ते तास वर्गातले असोत की वर्कशॉपमधले. आयटीआयचं वर्षही १,२०० तासांचंच आहे. फिटरच्या पहिल्या वर्षात ८४० तास प्रॅक्टिकल, २४० तास थिअरी, १२० तास रोजगार कौशल्यं. आठशेचाळीसला तीसने भागलं की २८ येतात. कानस चालवण्याचा तास आणि फळ्यासमोरचा तास एकाच भावाने.

प्रवेशाच्या खिडकीवरचा कारकून हे २८ मानेल का, हा पुढचा भाग. आयटीआयच्या पोराला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला घेण्याची वाट महाराष्ट्रात क्रेडिटराव यायच्या आधीपासून आहे, आणि ती त्यांच्यामुळे किती रुंदावते ते बघायचं. पण वेल्डिंगच्या मास्तरांना मी हा भागाकार कागदावर मांडून दाखवला. त्यांनी तो दोनदा तपासला, भारतात लॅबचा तास पाऊण का नाही असं विचारलं, आणि कागद घडी करून खिशात टाकला. गुरुवारी त्यांच्या युनियनची पगाराची बोलणी होती.